१००० तुकड्यांचं जिगसॉ नेमकं सुटतं कसं

१००० तुकड्यांचं जिगसॉ ५०० वाल्याच्या दुप्पट अवघड असेल असं बहुतेकांना वाटतं. मग हौसेनं मोठं पझल आणलं जातं, दोन रविवार त्याच्याशी झटापट होते आणि तिसऱ्या रविवारी डबा माळ्यावर जातो. कारण ते दुप्पट नसतंच, जवळजवळ चौपट असतं. हे असं का होतं ते एकदा नीट कळलं ना, की पझल लावायची आपली सगळी पद्धतच बदलते आणि मजा पण कितीतरी वाढते, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. मला हा छंद मनापासून आवडतो आणि सुरुवातीलाच कंटाळून सोडून देणारी माणसं बघितली की फार वाईट वाटतं.

आधी हिशोब बघू. समजा समोर ५०० पीस पसरलेत आणि कुठला पीस कुठल्या पीसला लागतो ते काहीच माहीत नाही. प्रत्येक पीस बाकीच्या प्रत्येकाशी एकदा लावून बघायचा म्हटलं तर जोड्या होतात १,२४,७५०. तेच १००० पीसच्या जोड्या होतात ४,९९,५००. तुकडे दुप्पट, जोड्या चौपट. आता असं सगळं लावून कोणीच बघत नाही हे खरंय, पण नजरेला शोधायचं असतं ते त्याच ढिगातून, त्यामुळे थकवा साधारण त्याच चालीनं वाढतो.

आता त्याच १००० पीसचे रंगावरून १० ढीग करा, समजा प्रत्येकात १००. एका ढिगात जोड्या ४,९५०, दहा ढिगांच्या मिळून ४९,५००. म्हणजे एकही पीस न जोडता काम एक दशांशावर आलं! अर्थात प्रत्यक्षात ढीग इतके सारखे पडत नाहीत, आणि दोन ढिगांच्या सीमेवरचे पीस असतातच, अर्धा झाड अर्धं आभाळ असे, पण मुद्दा तोच राहतो. जिगसॉ हा जोडण्याचा खेळ वाटतो पण तो खरा शोधण्याचा खेळ आहे, जोडायला एक सेकंद लागतो, सगळा वेळ जातो शोधण्यात. म्हणून सुरुवातीचा तास-दीड तास फक्त पीस सुलटे करून वेगळे करण्यात गेला तरी तो वेळ वाया गेला असं अजिबात समजू नका, पझलमधलं सगळ्यात जास्त कामाचं काम तेवढ्या वेळात होतं.

ढीग कशावरून करायचे हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर आपल्या डोळ्यांत आहे. १९८० मध्ये अॅन ट्रिझमन आणि गॅरी जेलाड या दोन मानसशास्त्रज्ञांनी नजर कशी शोधते यावर एक सिद्धांत मांडला, तो जिगसॉ लावणाऱ्याला फार उपयोगी आहे. थोडक्यात असं की शोधायची वस्तू एकाच गुणात वेगळी असेल, म्हणजे सगळं हिरवं आणि त्यात एक लाल, तर ती आपोआप डोळ्यात भरते, मग भोवती वीस वस्तू असोत की दोनशे, फारसा फरक पडत नाही. पण दोन गुण एकदम बघायचे असतील, म्हणजे लाल पण हवा आणि त्यावर आडवी रेघ पण हवी, आणि आजूबाजूला नुसते लाल पण आहेत आणि नुसते रेघवाले पण आहेत, तर डोळ्यांना एकेक करून तपासत जावं लागतं आणि तिथे ढिगाचा आकार जेवढा मोठा तेवढा वेळ जास्त.

सॉर्टिंगनं नेमकं काय होतं ते आता लक्षात येईल. लाल पीस एकदा वेगळ्या ताटात काढले की त्या ताटात शोधायची राहते फक्त रेघ. दोन गुणांचा अवघड शोध एका गुणाच्या सोप्या शोधात बदलला. म्हणून नुसता रंग बघून थांबू नका, पझल अर्धं झाल्यावर परत एकदा सॉर्ट करा, या वेळी पोतावरून, म्हणजे पानांचा हिरवा वेगळा, गवताचा वेगळा, पाण्यातल्या प्रतिबिंबाचा वेगळा. बरेच जण हे दुसरं सॉर्टिंग करत नाहीत आणि नेमके तिथेच अडकतात. विशेष सामान काही लागत नाही, घरातली स्टीलची ताटं आणि मिठाईचे रिकामे बॉक्स पुरतात.

आता बॉर्डर. आधी चार कोपरे, मग बॉर्डर, मग आतलं, हे आपल्याला लहानपणापासून कोणीतरी सांगितलेलं असतं. १००० चं म्हणून जे पझल मिळतं त्यात बऱ्याचदा ३८ गुणिले २७ अशी मांडणी असते, म्हणजे खरे पीस १०२६. त्यातले कडेचे १२६ आणि आतले बरोबर ९००. कडेचे पीस शोधायला सोपे कारण एक बाजू सरळ, पुन्हा तोच एका गुणाचा शोध. पण ते जोडणं सोपं असेलच असं नाही! वरची पूर्ण कड निळ्या आभाळाची असेल तर ३८ निळे पीस रांगेत लावणं हे त्या पझलमधलं सगळ्यात अवघड काम असू शकतं आणि तुम्ही ते सगळ्यात आधी करायला बसलाय. माझं मत स्पष्ट आहे, कडेचे पीस वेगळे जरूर काढा, पण जोडायला सुरुवात चित्रात जे सगळ्यात ठळक आहे तिथून करा, एखादी पाटी, होडी, खिडक्यांची रांग, छापील अक्षरं. अक्षरं तर सोनं आहेत, एका पीसवर अर्धा अक्षर दिसला तरी जागा जवळजवळ नक्की होते. बॉर्डर मागून येते, आणि येते ती कमी त्रासात.

रंग आणि अक्षरं संपली की उरतं ते आभाळ, किंवा बर्फ, किंवा काळोख. इथे माणसं हात टेकतात, आणि मला विचाराल तर खरी मजा इथेच सुरू होते, कारण आता आकारावरून काम करायचं. साध्या पझलमध्ये पीस आडव्या-उभ्या रांगांमध्ये कापलेले असतात, याला रिबन कट म्हणतात. अशा पीसला चार बाजू, प्रत्येक बाजूला एकतर बाहेर आलेलं डोकं नाहीतर आत गेलेली खाच. मग प्रकार किती होतील? चारही डोकी, तीन डोकी एक खाच, एक डोकं तीन खाचा, चारही खाचा, आणि दोन-दोन, पण दोन-दोनमध्ये परत दोन तऱ्हा, डोकी समोरासमोर किंवा शेजारीशेजारी. झाले एकूण सहा. पीस कसाही फिरवा, सातवा प्रकार निघत नाही. म्हणजे आभाळाचे १२० निळे पीस असतील तर त्यांचे सहा ढीग करा. सारखे पडणार नाहीत, समोरासमोर दोन डोकीवाले बहुतेक वेळा सगळ्यात जास्त निघतात, पण रिकाम्या जागेकडे बघून इथे तीन डोकीवालाच लागणार हे ठरवता आलं की बाकीच्या पाच ढिगांकडे बघायचंच नाही. शिवाय डोक्यांचे पण स्वभाव असतात, कोणी जाड, कोणी एका बाजूला कललेलं, कोणाची मान बारीक. दोन-तीन संध्याकाळी आभाळात घालवल्या की हे सगळं दिसायला लागतं.

दुसरा प्रकार रँडम कटचा, त्यात रांगा नसतात, एखाद्या पीसला पाच बाजू, एखादा त्रिकोणी, एखाद्याची कड लांबच लांब. दिसायला भीतीदायक पण आभाळासाठी हाच सोपा, कारण प्रत्येक पीस वेगळा ओळखू येतो. उलट रिबन कटमध्ये खोटी जोडणी होते, म्हणजे चुकीचा पीस चुकीच्या जागी अगदी बरोबर बसल्यासारखा बसतो, आणि पुढे चार पीस लागेनासे झाले की मग डोक्यात प्रकाश पडतो. ओळखायची खूण सांगते. जोडलेल्या चार-पाच पीसचा तुकडा अलगद उचला आणि बल्बसमोर धरा, सांध्यातून उजेडाची रेघ सगळीकडे सारखी बारीक दिसली तर ठीक, एका जागी जाड दिसली तर संशय घ्या. कोपऱ्यात चार पीस एकत्र येतात तो बिंदू पण बघावा, तिथे बारीकसं भोक दिसलं तर बहुतेक काहीतरी चुकलंय.

हे पीस बनतात कसे ते माहीत असलं की पझल विकत घेताना पण उपयोग होतो. चित्र कागदावर छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवतात आणि मग प्रेसखाली कापतात. कापणारी डाय म्हणजे पोलादाच्या पातळ पात्या हव्या त्या आकारात वाकवून एका फळीत बसवलेल्या, आणि ती प्रचंड दाबानं पुठ्ठ्यावर उतरते. रेवन्सबर्गरसारख्या जुन्या जर्मन कंपनीत या पात्या आजही कारागीर हातानं वळवतात. डायची धार गेली की कापणी फाटकी होते, डब्याच्या तळाशी कागदाचा भुगा जास्त साचतो, पीसच्या कडांवरून चित्राचा पापुद्रा निघायला लागतो. स्वस्त पझलमध्ये पुठ्ठा पातळ असतो, पीस एकमेकांना धरून ठेवत नाहीत आणि टेबलाला जरा धक्का लागला की सगळं सरकतं. त्यापेक्षा थोडे पैसे जास्त घालून कमी पीसचं पण चांगलं पझल घ्यावं असं मी सगळ्यांना सांगते.

आणि यातली एक गंमत. डाय बनवणं खर्चाचं काम असतं त्यामुळे एकच डाय बऱ्याच चित्रांना वापरतात. म्हणजे एकाच कंपनीची, एकाच मापाची दोन वेगळी पझल घेतलीत तर एकातला पीस दुसऱ्यातल्या त्याच जागी बरोबर बसू शकतो. काही कलाकार असे दोन-तीन डबे एकत्र करून आगगाडीच्या इंजिनाला घोड्याचं तोंड अशी नवीनच चित्रं तयार करतात.

इतिहास थोडक्यात सांगते. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा माणूस होता. तो नकाशा महॉगनीच्या पातळ फळीवर चिकटवून देशांच्या सीमेवरून करवतीनं कापायचा आणि मुलांना भूगोल शिकवायला म्हणून विकायचा. आपल्याकडे महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचे लाकडी नकाशे मिळतात ना, ३६ जिल्हे उचलून परत बसवायचे, तो त्याचाच थेट वंशज. त्यात डोकं-खाच नसते, जिल्ह्याचा आकार हीच खूण. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्यांसाठीची लाकडी पझल आली, पण एकेक पीस हातानं कापलेला, त्यामुळे महाग. खरी लाट आली ती अमेरिकेत १९३० नंतरच्या मंदीत. पुठ्ठा आणि डाय आल्यामुळे पझल काही सेंटमध्ये मिळायला लागलं, दर आठवड्याला नवीन पझल स्टॉलवर यायचं, आणि १९३३ च्या सुरुवातीला तिथे आठवड्याला एक कोटीच्या आसपास पझल खपत होती. नोकरी गेलेली, हातात पैसे नाहीत, वेळ मात्र भरपूर, अशा घरांमध्ये एक डबा आठवडाभर सगळ्यांना पुरायचा, आणि ज्यांना तेवढं पण परवडत नव्हतं ते दुकानातून भाड्यानं आणायचे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जगभर पझलचा तुटवडा झाला त्यामागे पण तीच भूक होती असं मला वाटतं.

आता मेंदूबद्दल, कारण यावर बरंच काही फिरत असतं. पीस हातात न फिरवता मनातल्या मनात फिरवून तो बसेल का हे बघतो आपण, त्यावर १९७१ मध्ये शेपर्ड आणि मेट्झलर यांनी प्रयोग केला होता, आकृती जितक्या जास्त अंशात फिरलेली तितका ती ओळखायला वेळ जास्त, अगदी सरळ प्रमाणात. यातून आपल्यासाठी एक सोपी युक्ती निघते, आभाळाचे किंवा रेघांचे पीस ताटात ठेवतानाच सगळे एका दिशेनं ठेवा, मनातलं फिरवणं वाचतं.

पण जिगसॉ लावलं की स्मरणशक्ती वाढते का? जर्मनीतल्या उल्म विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. पन्नाशीच्या पुढचे १०० लोक घेतले, निम्म्यांनी ३० दिवस रोज किमान तासभर पझल लावलं, बाकीच्यांनी नाही. महिन्याभरात दोन गटांमध्ये सांगण्यासारखा फरक पडला नाही. मात्र ज्यांनी आयुष्यभर जास्त पझल लावलेली होती त्यांची बौद्धिक क्षमता चांगली दिसली, पण इथे गुंता असा की पझलमुळे क्षमता वाढली की क्षमता चांगली म्हणून माणसं पझलकडे वळली हे अशा आकड्यांवरून ठरवता येत नाही. त्याच अभ्यासात हे मात्र दिसलं की पझल लावताना मेंदूच्या बऱ्याच क्षमता एकदम कामाला लागतात, आकार ओळखणं, मनात फिरवणं, लक्षात ठेवणं, तर्क लावणं. म्हणून आईबाबांना औषध म्हणून पझल आणून देऊ नका, त्यांच्या आवडीचं चित्र बघून आणून द्या. आवडलं तर ते स्वतःहून वर्षानुवर्षं लावतील, आणि आवडलं नाही तर महिनाभर जबरदस्तीनं लावून काही होणार नाहीये.

माणूस यात किती पटाईत आहे ते कॉम्प्युटरकडे बघितलं की कळतं. १९६४ मध्ये फ्रीमन आणि गार्डर यांनी पहिल्यांदा कॉम्प्युटरकडून जिगसॉ सोडवून घेतलं, ते होतं ९ पीसचं. पुढे २००७ मध्ये एमआयटीतल्या एरिक आणि मार्टिन डेमेन या बापलेकांनी सिद्ध केलं की जिगसॉ हा प्रश्न गणिताच्या दृष्टीनं एनपी-कम्प्लीट या कुप्रसिद्ध गटातला आहे, म्हणजे पीस वाढत जातील तशी हमखास झटपट उत्तर देणारी एकही पद्धत आजवर कोणाला सापडलेली नाही. आपल्याला ते जमतं कारण आपल्यासमोर चित्र असतं आणि चित्र आपल्याला समजतं, ही चाकाची कड आहे म्हणजे वर गाडी असणार हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. आजचे प्रोग्रॅम सरळ चौकोनी तुकड्यांची हजारोंची पझल सोडवतात, पण तुकडे फाटके, मळके, हरवलेले असले की त्यांची अजून दमछाक होते.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण बर्लिनचं. १९८९ मध्ये पूर्व जर्मनीची राजवट कोसळायला लागली तेव्हा श्टाझी या गुप्तहेर खात्यानं आपल्या फायली नष्ट करायला घेतल्या, यंत्रं पुरेनात म्हणून माणसांनी हातानं कागद फाडले. लोकांनी कचेऱ्या ताब्यात घेतल्या तेव्हा फाटक्या कागदांची सुमारे १६,००० पोती हाती लागली. १९९५ पासून न्युरेम्बर्गजवळ एका गावात माणसं बसून ते तुकडे हातानं जुळवायला लागली, खास कॉम्प्युटर प्रणाली पण बनवली, पण ती मोजक्याच पोत्यांवर अडकली, आणि साधारण ५०० पोती जी जुळली ती माणसांच्या हातांनी. त्या कागदांमध्ये कोणावर कोण पाळत ठेवत होतं याच्या नोंदी आहेत, हे लक्षात घेतलं की या कामाला खेळ म्हणवत नाही.

आपल्याकडे असं काम उत्खननात चालतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं घोड नदीकाठी इनामगावला १९६८ ते १९८३ उत्खनन केलं, तिथे जोर्वे पद्धतीची लाल, काळ्या नक्षीची भांडी निघाली. अशी खापरं जुळवताना डब्यावरचं चित्र नसतंच, बरेच तुकडे कायमचे गेलेले असतात, आणि काठाचा तुकडा मिळाला तर त्याच्या वळणावरून तोंडाचा घेर काढतात. कडेचा पीस आधी शोधा हा सल्ला तिथे मात्र शंभर टक्के लागू पडतो.

आता घरच्या गोष्टी. १००० चं पझल पूर्ण झाल्यावर साधारण ७० बाय ५० सेंटीमीटर होतं, पण पसरायला त्याच्या दुप्पट जागा लागते, आणि डायनिंग टेबल रोज मोकळं करावं लागतं हीच बहुतेक घरांची अडचण. त्यावर उपाय म्हणजे सुताराकडून ८० बाय ६० चा हलका प्लाय कापून घ्या, वर जुनी चादर ताणून बसवा म्हणजे पीस घसरत नाहीत, रात्री सगळं दिवाणाखाली सरकवायचं. पंख्यानं पीस उडत नाहीत पण मांजर आणि दीड वर्षाचं मूल या दोन्हींपासून जपा. उजेड वरून न घेता बाजूनं घ्या, चकचकीत पीसवर ट्यूबलाइटचा झोत पडला की रंगच कळत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, पीस फुगतात आणि घट्ट बसायला लागतात, म्हणून जून ते सप्टेंबर डबे प्लास्टिकच्या पिशवीत, आत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

रोज किती वेळ बसायचं याला नियम नाही. अडलं की उठावं हे मात्र मी कळकळीनं सांगते, कारण तासभर जो पीस सापडत नाही तो सकाळी चहा घेताना उभ्या उभ्या सापडतो, नजर ताजी असली की ती आधी चुकीच्या गोष्टीवर अडकलेली सुटते. घरात दोघं-तिघं असतील तर प्रत्येकाला एकेक ताट द्या, एकानं इमारती, एकानं माणसं, आजोबांनी आभाळ. बोलणं होतं, न बोलता पण बसता येतं. जोडीनं आणि टीमनं लावायच्या स्पर्धा पण असतात, स्पेनमधल्या वाय्यादोलिद शहरात २०१९ पासून जागतिक स्पर्धा होते, तिथले अलीकडचे विजेते ५०० पीस एकट्यानं पाऊण तासाच्या आत संपवतात. आपल्याला तेवढी घाई करायचं काही कारण नाही.

पहिलं पझल घेताना पीसचा आकडा नंतर बघा, आधी चित्र बघा. डबा हातभर लांब धरून मनातल्या मनात त्याचे ढीग पाडा, सात-आठ ढीग सहज पडले तर खुशाल घ्या, १००० असलं तरी जमेल. अर्धं चित्र नुसतं आभाळ किंवा नुसती वाळू असेल तर ५०० पण जड जाईल. घरं, बाजार, पुस्तकांची कपाटं, नकाशे ही सुरुवातीला उत्तम. आणि लावून झालं की फ्रेम करायच्या मागे लागू नका, चार दिवस ठेवा, सगळ्यांना दाखवा, मग मोडून दुसऱ्या कोणालातरी द्या आणि त्यांचं तुम्ही आणा. देताना एखादा पीस हरवलेला असेल तर डब्यावर चिठ्ठी लावा, कुठल्या जागेचा गेलाय ते लिहून, म्हणजे पुढचा माणूस सोफ्याखाली शोधत बसणार नाही.